आगाऊ वसुलाचें मोल

भाडेकरूनें वर्षाचें भाडें एकदम पुढें केलें, म्हणजे घरधन्यास प्रथम आनंदच होतो. पैका हातीं आला, वसुलीची यातायात चुकली. मग विचार तो कसला करावयाचा? परंतु ही रक्कम देऊन समोरचा मनुष्य काय विकत घेत आहे, हें आधीं पाहिलें पाहिजे. पेशवाईच्या इतिहासांत याचा धडा आम्हांस स्पष्ट दिसतो.

मामलतदाराची नेमणूक होतांना त्याजकडून वसुलापैकीं कांहीं रक्कम आगाऊ घेण्याची तेव्हां चाल होती. हिला रसद म्हणत. मामलतदार ती पुष्कळदां सावकाराकडून उभी करी आणि सरकार तिजवर व्याज मजुरा देई. म्हणजे रसद हें एक प्रकारचें कर्जच होतें. थोरल्या माधवरावांच्या माथ्यावरही कर्जाचा डोंगर होता. तथापि रसद दिली म्हणून मामलतदार परगण्याचा धनी होत नसे. दरकदारांची त्याजवर नजर असे, हिशेब हुजूर दफ्तरांत तपासला जाई, आणि पीक बुडालें तर रयतेस सूट देण्याचा अधिकार सरकारच्या हातीं राही.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (१७९६–१८१८) हा क्रम मोडला. परगणे चढत्या बोलीनें मक्त्यास जाऊं लागले. एलफिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत याचें वर्णन केलें आहे. मक्तेदार पोटमक्तेदारांस देई, ते आणखी खालच्यांस, आणि असें होतां होतां मक्ता गांवच्या पाटलापर्यंत येई. पाटलानें तो पत्करला तर तोच गांवचा सर्वाधिकारी होई. नाकारला तर गांवाची दशा बहुधा अधिकच वाईट. पुढील सालीं मक्ता आपणाकडे राहील, असा भरंवसा कोणासच नव्हता; तेव्हां हातीं असलेल्या वर्षांत निघेल तेवढें काढून घेण्याकडेच प्रत्येकाची बुद्धि वळली. दाद मागावी तर ज्याजविरुद्ध तक्रार, त्याच्याच पैक्यावर सरकारची मदार!

आगाऊ पैसा घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. माधवरावांनीं घेतला, बाजीरावानेंही घेतला. पहिल्यानें तो ऋण म्हणून घेतला व देखरेख आपणाकडे ठेविली. दुसऱ्यानें पैक्याबरोबर देखरेखही देऊन टाकिली. घरधन्यानें रक्कम अवश्य घ्यावी, महिनेवार पावती द्यावी. मात्र घरांत काय चाललें आहे हें विचारण्याचा हक्क त्या रकमेंत जमा धरूं नये.