पाद्रिनो–माद्रिना : सांतेरिया व इफा परंपरेतील मार्गदर्शकाची निवड

पाद्रिनो–माद्रिना : सांतेरिया (रेग्ला दे ओचा किंवा लुकुमी) आणि इफा या योरुबा मुळाच्या धर्मपरंपरांत नवागतासाठी कौल घेणारे, त्याला दीक्षा देणारे आणि पुढे त्याच्या धर्माचाराची जबाबदारी वाहणारे ज्येष्ठ दीक्षित. पुरुषाला पाद्रिनो, स्त्रीला माद्रिना म्हणतात. या परंपरांना एकच पीठ नाही, सर्वमान्य धर्मगुरू नाही, सगळ्यांना बांधून ठेवणारी एखादी पोथीही नाही. प्रत्येक ‘इले’, म्हणजे एका ज्येष्ठाभोवती जमलेले दीक्षितांचे घराणे, आपल्यापुरते स्वतंत्र असते. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला ओरिशा (देवता) कोण, नैवेद्य कोणता, हे प्रश्न पडण्याआधी विश्वास कोणावर ठेवायचा हा प्रश्न पडतो. ‘ज्याच्या ठायी सामर्थ्य दिसेल त्याच्यावर’ हे उत्तर सर्वांत सोपे आणि सर्वांत घातक आहे. मार्गदर्शकाची पात्रता त्याच्या दाव्यावर ठरत नाही. त्याची दीक्षा डोळ्यांनी पाहिलेली माणसे कोण, यावर ती ठरते. सांतेरिया व इफा यांच्या विधींची घडणच साक्षीवर उभी असल्याने ही कसोटी बाहेरून लादलेली नाही, ती परंपरेची स्वतःचीच आहे.

या साक्षीला एवढे महत्त्व का आले, ते इतिहासात दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओयो साम्राज्य मोडकळीस आले आणि आजच्या नैर्ऋत्य नायजेरियातून व शेजारच्या बेनिनमधून योरुबाभाषक लोक मोठ्या संख्येने गुलाम म्हणून क्यूबात नेले गेले. तेथे त्यांना लुकुमी म्हणत. क्यूबातील गुलामगिरी कायद्याने संपली ती 1886 मध्ये. तोवर आणि त्यानंतरही ओरिशांची उपासना हवाना, रेग्ला व मातान्सास येथील ‘काबिल्दो’ नावाच्या आफ्रिकी बांधवमंडळांत आणि लोकांच्या राहत्या घरांत टिकली. बाहेर कॅथलिक संतांच्या तसबिरी आणि आत ओरिशांची पात्रे, अशा परिस्थितीत ज्ञान टिकवण्याचे साधन एकच होते, ते म्हणजे माणूस. रेग्ला येथे राहणारे अदेशिना ऊर्फ रेमिहियो एर्रेरा (मृत्यू 1905) यांच्यापर्यंत आपली दीक्षापरंपरा नेऊन पोहोचवणारे बाबालावो (इफाचे पुजारी) आजही क्यूबात व क्यूबाबाहेर आहेत. पुढे ही परंपरा समुद्र ओलांडून गेली. बाबालावो पांचो मोरा 1946 मध्ये न्यूयॉर्कला आले. तरीही ओचाची पूर्ण दीक्षा घ्यायची तर क्यूबालाच जावे लागे. अमेरिकेतच दीक्षा देण्याची सुरुवात 1961 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाली. 1959 मध्ये मातान्सास येथे दीक्षा घेतलेल्या अदेफुन्मी या आफ्रिकी-अमेरिकी पुजाऱ्यांनी 1970 मध्ये दक्षिण कॅरोलायनात ओयोतुंजी हे गाव वसवले आणि क्यूबाला वळसा घालून थेट आफ्रिकेकडे पाहणारा प्रवाह सुरू केला. 1980 मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्यूबन अमेरिकेत आले. त्यांच्यात दीक्षितही होते, पण त्यांची दीक्षा पाहिलेली माणसे मागे बेटावरच राहिली. दीक्षित आणि त्याचे साक्षीदार यांच्यातले अंतर असे दर पिढीला वाढत गेले. भोंदूगिरीला वाव मिळतो तो या अंतरातच.

विधी जवळून पाहिले की साक्षीचे स्थान स्पष्ट होते. इफाचा कौल घेताना बाबालावो तेलताडाच्या सोळा बिया एका हातात धरतो आणि दुसऱ्या हाताने झडप घालून उचलतो. मागे एक बी उरली तर ‘येफा’ ही पूड पसरलेल्या लाकडी ताटावर दोन रेघा ओढतो, दोन उरल्या तर एक. अशा आठ खुणांतून एक ‘ओदू’ उमटतो. मुख्य ओदू 16 असून त्यांच्या जोडण्यांतून एकूण 256 होतात आणि प्रत्येकाशी कथा, उपाय व निषेध जोडलेले असतात. हे ज्ञान मुखोद्गत करायला वर्षे जातात. युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत 2008 साली नोंदवली ती इफाची हीच पद्धत. ओचाचे पुजारी, म्हणजे सांतेरो किंवा सांतेरा, मात्र पाठ कापलेल्या सोळा कवड्या टाकतात आणि किती कवड्या तोंड वर करून पडल्या ते मोजतात. क्यूबन रिवाजात बाराच्या वरचे दान पडले तर वाचन तेथेच थांबवून माणसाला बाबालावोकडे पाठवायचे असते. ही मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण आपला अधिकार कोठे संपतो हे परंपरेने आपल्या पुजाऱ्याला आधीच सांगून ठेवलेले आहे. कवड्या, ताडबिया, वनस्पती, मृतात्मे, सगळेच आपल्याला येते असे सांगणारा मार्गदर्शक परंपरेच्या या शिस्तीलाच सोडून वागतो.

‘कारिओचा’ ही डोक्यावर ओरिशाची स्थापना करणारी पूर्ण दीक्षा तर एकट्याने देताच येत नाही. विधी चालवणारा ‘ओरियाते’ वेगळा, माद्रिना वेगळी, दीक्षार्थीची देखभाल करणारी ‘ओयुबोना’ वेगळी. त्यांच्याखेरीज वनस्पतींचे पाणी तयार करणारे, गाणी म्हणणारे, स्वयंपाक सांभाळणारे दीक्षित स्त्रीपुरुष असतात. तिसऱ्या दिवशी ‘इता’ होते. प्रत्येक ओरिशाच्या कवड्या टाकून नव्या दीक्षिताच्या आयुष्यासाठीचे आदेश व निषेध ज्येष्ठांसमोर सांगितले जातात आणि शेजारी बसलेले कोणीतरी ते वहीत उतरवून घेते. ही ‘लिब्रेता’ दीक्षिताजवळ जन्मभर राहते. दर विधीच्या आरंभी होणाऱ्या ‘मोयुबा’ या आवाहनात पुजारी आपल्या घराण्यातील दिवंगतांची नावे एकामागून एक मोठ्याने उच्चारतो. म्हणूनच ‘तुमची माद्रिना कोण, ओयुबोना कोण, ओरियाते कोण होते, दीक्षा कोणत्या गावी व कोणत्या वर्षी झाली?’ या चार प्रश्नांची उत्तरे खऱ्या दीक्षिताच्या जिभेवर असतात. जी नावे तो दर विधीला उच्चारतो ती नवागताने विचारल्यावर आठवत नसतील, तर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. उत्तरे मिळाली तर त्यांतील हयात माणसांना भेटून वा फोन करून ती पडताळून घ्यावीत.

यावर पहिला आक्षेप गुप्ततेचा असतो. ही गुह्य परंपरा आहे, असे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे, ज्येष्ठांचा मान न राखण्याचे लक्षण होय, असे नवागताला सुनावले जाते. गुप्तता आहे आणि तिचा आदर व्हायला हवा. दीक्षेच्या खोलीत काय घडते, कोणती वनस्पती कोणत्या मंत्राने वापरतात, हे आलेयोला (अदीक्षिताला) सांगत नाहीत. पण गुप्त असतो तो विधीचा आशय, दीक्षा देणाऱ्याचे नाव कधीच गुप्त नसते. भरल्या घरात मोठ्याने घेतले जाणारे नाव गुपित असू शकत नाही. प्रश्न नम्रपणे विचारावा, वयाने व दीक्षेने मोठ्यांसमोर वाकावे, हे नवागताचे कर्तव्य आहे, आणि उत्तर देणे हे ज्येष्ठाचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वंशावळ खरी असली म्हणून माणूस चांगला असतोच असे नाही. उत्तम घराण्यात दीक्षा घेतलेले लोकही शिष्यांना लुबाडतात. हे खरेच आहे आणि साक्षीची कसोटी अपुरी पडते ती येथे. म्हणून तिला दुसरी जोडावी लागते, वर्तनाची. हीही परंपरेबाहेरची नाही. योरुबा धर्मविचारात सुशीलता हे मोठे मूल्य मानले जाते आणि इफाच्या वाङ्मयात, क्यूबात इकाफुन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओदूत, ज्येष्ठांना सोळा आज्ञा दिल्याची कथा येते. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचे सांगू नये, लोकांची दिशाभूल करू नये, हा त्यांचा रोख आहे. वर्तन पारखायचे तर माणसाकडे नव्हे, त्याच्या घराकडे पाहावे. त्याची जुनी ‘धर्मलेकरे’ पाच-दहा वर्षांनंतरही वार्षिक पूजेला येतात का, त्यांतली काही स्वतः जाणती झाली आहेत का, की दरवर्षी नवे चेहरे येतात आणि जुने नाहीसे होतात? सोडून गेलेल्यांबद्दल घरात कसे बोलले जाते? विधीच्या नावाखाली शरीरसंबंध मागणारा, औषधोपचार बंद करायला सांगणारा, कुटुंबाशी संबंध तोडायला लावणारा माणूस कोणत्याही वंशावळीचा असला तरी तेथून निघून जावे. कौलातून डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला येणे ही क्यूबात नेहमीची गोष्ट आहे.

पैशाबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. पैसे घेणारा तो ठग, असे एक मत, आणि धर्माला किंमत विचारू नये, असे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत. ‘देरेचो’ म्हणजे दक्षिणा ही विधीचाच भाग आहे. कारिओचाला प्राणी, कापड, मातीची व चिनी मातीची भांडी, धान्य, ओरियातेची व इतर सेवेकऱ्यांची दक्षिणा, आठवडाभराचे जेवण असा खरा खर्च असतो आणि अमेरिकेत तो हजारो डॉलरांच्या घरात जातो. 1990 च्या दशकात सोव्हिएत मदत थांबल्यावर क्यूबाची अर्थव्यवस्था कोसळली, डॉलर घेऊन येणारे परदेशी दीक्षार्थी वाढले आणि या व्यवहाराला ‘सांतुरिस्मो’ असे नावही पडले. पण त्या काळातल्या सगळ्याच दीक्षा खोट्या होत्या असे म्हणता येत नाही. भरपूर पैसे देऊन पूर्ण विधी मिळालेलेही होते आणि थोड्या पैशांत फसवले गेलेलेही. रकमेपेक्षा ती कशी मागितली जाते हे अधिक बोलके असते. प्रामाणिक घर खर्चाची यादी आधी देते आणि पैसे साठवायला वेळ देते. अप्रामाणिक घर आधी भय देते. तुझ्यावर करणी झाली आहे, महिनाभरात दीक्षा घेतली नाहीस तर मृत्यू आहे, असे तेथे सांगितले जाते. कौलात अशुभ निघू शकते, पण मग कोणत्या उपायाने ते निवारेल हे क्रमाने विचारण्याची रीत आहे आणि पुष्कळदा उत्तर फळे, नारळ, मेणबत्ती किंवा वनस्पतींचे स्नान एवढ्यावरच थांबते. लहान उपायांची विचारपूस न करता थेट सर्वांत महागड्या विधीवर उडी मारणारा कौल वाचत नसतो.

क्यूबन की नायजेरियन, खरी परंपरा कोणती, या वादात नवागत हमखास सापडतो. नायजेरियात स्त्रिया ‘इयानिफा’ म्हणून इफाची दीक्षा घेतात. क्यूबातील बहुसंख्य बाबालावोंना ते अमान्य आहे आणि 2000 नंतर हवानातच काहींनी स्त्रियांना अशी दीक्षा दिल्यावर मोठे वादळ उठले. खुद्द क्यूबात वर्षारंभीचा ‘लेत्रा देल आन्यो’ हा वार्षिक कौलही बरीच वर्षे दोन वेगळ्या गटांकडून दोन वेगवेगळे येत असत. काही संस्थांनी ओळखपत्रे देऊन पाहिली, पण एका संस्थेचे ओळखपत्र दुसऱ्या घराण्याला बांधत नाही. यावरून ‘मग सगळेच सारखे, कोणाकडेही जावे’ असा निष्कर्ष काढणे गैर होय. दोन्ही प्रवाहांत विधीला साक्षीदार लागतात, दोन्हींत दीर्घ शिक्षण लागते. नवागताने वादाचा निवाडा करू नये. एक घर निवडावे, त्या घराच्या नियमांनी ते घर वागते का ते पाहावे आणि दुसऱ्या घराण्याची निंदा हेच ज्याचे मुख्य शिक्षण आहे त्याच्यापासून दूर राहावे.

आसपास कोणतेच इले नसलेल्याने काय करावे, ही अडचण खरी आहे आणि तिला सुखावणारे उत्तर नाही. पुस्तके उपयोगी पडतात. लिदिया काब्रेरा यांचा ‘एल मोंते’ (1954) आणि विल्यम बॅस्कम यांचा ‘इफा डिव्हिनेशन’ (1969) हे ग्रंथ वाचणाऱ्याला भोंदू सहज फसवू शकत नाही. पण पुस्तकातून दीक्षा होत नाही आणि टपालाने आलेल्या ओरिशाच्या पात्रामागे साक्षीदार नसतात. डोक्याचा ओरिशा कोणता हेही अनेक घराण्यांत बाबालावो एकत्र जमून ताडबियांनी ठरवतात, तर काहींत ओरियाते कवड्यांनी. छायाचित्र पाहून ‘तू ओचुनची लेक’ असे सांगणे यांपैकी कशातच बसत नाही. दूर राहणाऱ्याने प्रवास करावा, वर्षातून एकदा का होईना एखाद्या घरी पूजेला जावे, भांडी घासावीत, भाज्या निवडाव्यात, गाणी ऐकावीत. घर आतून पाहायला मिळते ते या कामांतच.

पायऱ्याही सावकाश चढण्यासाठीच आहेत. आधी कौल, मग मण्यांच्या माळा (‘एलेके’), मग एलेग्वा, ओगुन, ओचोसी व ओसुन हे रक्षक (‘गेरेरोस’), पुरुषांसाठी आवोफाका आणि स्त्रियांसाठी इकोफा ही ओरुला या इफाच्या दैवताची प्राथमिक दीक्षा. क्रम घराण्यागणिक बदलतो आणि अनेकजण कोणत्या तरी पायरीवर थांबून आयुष्यभर निष्ठेने उपासना करतात. कारिओचा प्रत्येकाला लागत नाही. ज्यांना लागते त्यांना त्यानंतर एक वर्ष सात दिवस पांढरे कपडे घालून ‘इयावो’ म्हणून अनेक बंधनांत राहावे लागते. खरी झालेली कारिओचा एकदाच होते, ती पुसता येत नाही. पुढे दुसऱ्या ज्येष्ठाच्या छत्राखाली जाता येते, पण डोक्यावर ओरिशा बसवणाऱ्याचे नाव बदलत नाही. तेव्हा पहिल्याच भेटीत दीक्षेची तारीख व आगाऊ रक्कम सांगितली गेली, तर नवागताने कौलाची दक्षिणा ठेवावी, नमस्कार करावा आणि त्या घरी पुन्हा जाऊ नये.