विरघळणं आणि अभिक्रिया : मुलं नेमकी कुठे गोंधळतात?

आठवी ते दहावीच्या विज्ञानात द्रावण, रासायनिक बंध आणि रासायनिक अभिक्रिया हे विषय फिरून फिरून येतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी आधी शब्दांची सांगड घालावी. महलूल म्हणजे द्रावण, जौहर म्हणजे अणू, सालिमा म्हणजे रेणू, कीमियाई तआमुल म्हणजे रासायनिक अभिक्रिया. निम्मी भीती इथेच जाते.

इफ्तारचं शरबत घ्या. साखर द्राव्य, पाणी द्रावक, दोन्ही मिळून द्रावण. 100 ग्रॅम द्रावणात 10 ग्रॅम साखर असेल तर ते वस्तुमानाने 10 टक्के. म्हणजे पाणी 90 ग्रॅम घ्यायचं, 100 नाही. मार्क इथेच कापले जातात.

आता बंध. सोडियमची रचना 2, 8, 1 आणि क्लोरीनची 2, 8, 7. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. तयार झालेले धन आणि ऋण आयन एकमेकांना धरून ठेवतात. हा आयनिक बंध, म्हणजेच आपलं मीठ. साखरेत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात, तो सहसंयुज बंध. म्हणून मीठ विरघळलं की आयन सुटे होतात आणि द्रावणातून वीज वाहते. साखरेचा रेणू अख्खाच राहतो, तिथे बल्ब पेटत नाही. (हा प्रयोग शाळेत, बॅटरीवरच करायचा. घरच्या प्लगवर अजिबात नाही.)

आयन सुटे झाले, मग ही अभिक्रिया का नाही? प्रश्न चांगला आहे. पाणी आटवा, तेच मीठ खाली राहतं. नवा पदार्थ बनलाच नाही. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला तर फसफसून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. आता कितीही आटवा, सोडा परत मिळणार नाही. ही अभिक्रिया. पण फक्त बुडबुडे बघून उत्तर लिहू नका. सोडावॉटरच्या बाटलीतला वायू आधीच विरघळलेला असतो, झाकण उघडल्यावर तो नुसता बाहेर येतो.

पालकांसाठी एक गोष्ट. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नका. त्यांच्या अभिक्रियेतून क्लोरीन वायू निघतो. तो विषारी आहे, आणि बंद, लहान बाथरूममध्ये जीवावर बेतू शकतं. चुकून झालंच तर साफ करत बसू नका. लगेच बाहेर या, मुलांना दूर न्या, दारं-खिडक्या उघडा. खोकला किंवा दम लागला तर थेट दवाखाना गाठा.