शतंजीव!

शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरी कुणी पोर शिंकलं, की आजी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "शतंजीव रं बाळा!" म्हणजे शंभर वर्षं जग. पण बाहेर निघताना तीच शिंक आली, तर "थांब जरा, पाणी पिऊन जा." घरात आशीर्वाद, उंबऱ्यावर अपशकुन! पुढं बँकेत लागलो आणि शिंकल्यावर स्वतःच 'सॉरी' म्हणायला शिकलो.

निवृत्तीनंतर वाचन वाढलं, तेव्हा कळलं की ही रीत फार जुनी आहे. इंग्रजांच्या 'गॉड ब्लेस यू'चा संबंध इ.स. 590 च्या रोममधल्या प्लेगशी आणि पोप ग्रेगरींशी जोडतात. पण शिंकणाऱ्याला आपण शुभेच्छा का देतो, असा प्रश्न रोमन लेखक प्लिनीनं त्याआधी पाचशे वर्षं विचारून ठेवला होता. जर्मन लोक 'गेझुंडहाइट' म्हणजे आरोग्य म्हणतात, तुर्की लोक 'चोक याशा' म्हणजे खूप जग. मुसलमान बांधवांत शिंकणारा 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतो आणि ऐकणारा 'यर्हमुकल्लाह', अल्लाची तुझ्यावर दया असो.

मला सर्वांत भावली ती विनयपिटकातली हकिकत. भगवान बुद्ध उपदेश करताना शिंकले. भिक्खूंनी दीर्घायुष्य चिंतून एवढा गलका केला, की उपदेशच थांबला. बुद्धांनी विचारलं, असं म्हटल्यानं कुणी जगतो किंवा मरतो का? भिक्खू 'नाही' म्हणाले, तेव्हा त्यांनी ते बंद करायला सांगितलं. पुढं लोक शिंकणाऱ्या भिक्खूंना शुभेच्छा देत, पण भिक्खू गप्प राहत. लोकांना ते लागलं. तेव्हा बुद्धांनीच उलट 'चिरंजीव हो' म्हणायची मुभा दिली. शब्दानं आयुष्य वाढत नाही, पण गप्प राहिल्यानं माणूस दुखावतो, एवढं त्यांनी ओळखलं.

मला ते 2020 साली ओळखता आलं नाही. कोरोनाचे दिवस होते. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ जिन्यात शिंकले आणि मी एक शब्द न बोलता दार लावून घेतलं. इतक्या वर्षांचा शेजार! भीती खरी होती, पण दाराआडून "बरं आहे ना?" एवढं विचारायला काय जात होतं? त्यांना साधं पडसं झालं होतं. नंतर त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही.

ही स्मरणिका त्यांच्याही घरी जाईल, म्हणून इथंच लिहितो. उशिरा का होईना, शतायुषी व्हा!