'वय किती?' हा प्रश्न अपुरा का पडला



"सत्तरी उलटली, आता कशाला मणक्याचं ऑपरेशन?" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी घरात ऐकलंय. आजीला थोडं चाललं तरी पाय भरून येतात, मणक्यात नस दबलीय, डॉक्टर ऑपरेशन सुचवतात, आणि घर अडतं ते वयावर. हा धोका मोजायचा कसा, याचा इतिहास आज बघूया.

सुरुवात १९४१ सालची, अमेरिकेतली. भूल दिलेल्या रुग्णांची आकडेवारी सगळीकडे सारखी ठेवता यावी म्हणून पद्धत ठरवायचं काम तीन भूलतज्ज्ञांकडे आलं: मेयर साकलाड, एमरी रोव्हनस्टाइन आणि आयव्हन टेलर. त्यांचं म्हणणं असं, की 'ऑपरेशनचा धोका' एका श्रेणीत बसवता येत नाही. ऑपरेशन कोणतं, करणारा कोण, हेही त्यात येतं. म्हणून आपण फक्त रुग्णाची प्रकृती नोंदवू. त्यातूनच आजची एएसए श्रेणी आली. आणि गंमत बघा, आज तीच श्रेणी धोक्याचा अंदाज म्हणून सर्रास वापरली जाते!

१९७७ मध्ये ली गोल्डमन आणि सहकाऱ्यांनी १००१ रुग्ण तपासून हृदयाच्या धोक्याचे गुण ठरवले. सत्तरीपुढच्या वयाला ५ गुण, सहा महिन्यांत हार्ट अटॅक आलेला असेल तर १०. पण १९९९ मध्ये या पद्धतीची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात सहा मुद्दे होते, आणि त्यांत वय नव्हतंच.

मग वयाऐवजी बघायचं काय? २००१ मध्ये लिंडा फ्रीड यांनी 'फ्रेल्टी'ची पाच लक्षणं मांडली: आपोआप वजन घटणं, थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. थोडक्यात, अंगातली ताकदीची शिल्लक संपत येणं. पुढे मणक्याचे सर्जनही असे निर्देशांक वापरू लागले. एका छोट्या निर्देशांकात पाचच गोष्टी आहेत: मधुमेह, रक्तदाब, फुफ्फुसाचा जुना आजार, हृदयाची कमजोरी आणि रोजच्या कामांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं.

मणक्यात एक गुंता मात्र आहे. आजीची चाल मंदावलीय ती अशक्तपणामुळे, की दबलेल्या नसेमुळे? नसेमुळे असेल, तर जे धोक्याचं लक्षण वाटतं, तेच ऑपरेशनचं कारण असतं. हे आकडा सांगत नाही, तपासणारा डॉक्टर सांगतो.

आणि २०१० मध्ये रिचर्ड डेयो यांनी अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेच्या नोंदी तपासल्या. कमरेच्या मणक्यातली नस फक्त मोकळी केली, तर जिवावर बेतणारी गुंतागुंत २.३ टक्के रुग्णांत, आणि मणके जोडायचं मोठं ऑपरेशन केलं तर ५.६ टक्के. म्हणजे १९४१ चे ते तिघं बरोबर होते. निम्मं उत्तर रुग्णात असतं, निम्मं ऑपरेशनात.

तेव्हा डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा वय तर सांगाच, पण आजी आपली आपण आंघोळ करते का, वजन घटलंय का, हेही सांगा. आणि एक नक्की विचारा: "ऑपरेशन नेमकं कोणतं, आणि याहून छोटं चालेल का?"