वाट पाहणाऱ्या दोघी

पानिपतची हकीकत आपण सर्वांनी ऐकली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणधुमाळीत दिसेनासे झाले. ते गेले, हे पार्वतीबाईंनी मानले नाही. कुंकू पुसले नाही. भाऊंचे नाव सांगणारा तोतयाही निघाला. त्याला १७७६ साली देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई १७८३ साली वारल्या, तोवर संशय फिटला नाही.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. पण आपल्याच काळात दमयंती तांबे यांच्या वाट्याला तेच आले. त्या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. डिसेंबर १९७१ च्या युद्धात त्यांचे पती फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांचे विमान पाकिस्तानात पडले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. पकडलेल्या वैमानिकांत त्यांच्याशी मिळतेजुळते नाव तिकडच्या वर्तमानपत्रात छापून आले. आपण सुमारे ९३,००० कैदी परत पाठवले. तांबे मात्र आले नाहीत. असे ५४ जण यादीत आहेत. पाकिस्तान म्हणते, आमच्याकडे कोणी नाही. २००७ साली नातेवाइकांना तिथले तुरुंग दाखवले, पण कोणी सापडले नाही.

रणात पडलेल्याच्या घरी निदान रडून मन मोकळे होते. इथे दिवसही घालता येत नाहीत. आपल्या भागातूनही मुले फौजेत जातात. म्हणून मला वाटते, अशा बाईला “आता विसर” असे सांगू नये. हळदीकुंकवाला तिला आधी बोलवावे.