नांगर, जावा आणि दुरुस्तीचा माणूस

‘एंटरप्राइज सॉफ्टवेअर’ म्हटलं की डोळ्यांसमोर हिंजवडीतल्या काचेच्या इमारती येतात. मी ते सांगलीत बसून लिहितो. आमचं पाच जणांचं ऑफिस आहे आणि आमचे ग्राहक म्हणजे सांगली-सातारा जिल्ह्यांतल्या पतसंस्था. ठेवी, कर्जं, हप्ते, थकबाकी आणि ३१ मार्चला व्याजाचा हिशोब. इथे एक रुपया इकडचा तिकडे झालेला चालत नाही. दोन काउंटरवरून एकाच खात्यावर एकाच वेळी नोंद आली तरी गोंधळ होता कामा नये. दहा वर्षांपूर्वीचं कर्ज आजही उघडून बघता आलं पाहिजे. हे जिथे लागतं ते एंटरप्राइज, मग संस्थेची इमारत दुमजली असली तरी.

हे सगळं जावात आहे. आणि जावावाल्याला कोड लिहिण्याआधी एक काम करावं लागतं, ते म्हणजे टूल निवडणं. फ्रेमवर्क कुठलं, सर्व्हर कुठला, डेटाबेसशी बोलायला काय, बिल्ड मेवेनवर की ग्रेडलवर. यावर आम्ही चहाच्या गाड्यावर तासन्‌तास भांडतो. या भांडणाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं, की गेली पंचवीस वर्षं तेच भांडण चालू आहे, फक्त नावं बदलतात.

सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं १९९५ मध्ये जावा जगासमोर आणली. ती गाजली ब्राउझरमधल्या हलत्या चित्रांमुळे, पण टिकली सर्व्हरवर. डिसेंबर १९९९ मध्ये सननं ‘जे-टू-ई-ई’ हा नियमांचा संच आणला. त्यामागचा विचार साधा होता. समजा, एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा व्हायच्या आत वीज गेली, तर पहिली नोंदही आपोआप रद्द झाली पाहिजे. ही गरज प्रत्येक बँकेची आहे. मग प्रत्येकानं ते पुन्हा का लिहायचं? नियम एकदा ठरवू, आयबीएमसारख्या कंपन्या त्या नियमांप्रमाणे सर्व्हर बनवतील, आणि प्रोग्रामरनं फक्त व्याजाचं सूत्र लिहावं.

प्रत्यक्षात झालं उलटंच. एंटरप्राइज जावाबीन्स या पद्धतीत ‘खातं’ एवढी एक गोष्ट मांडायची तर एक क्लास, त्याच्याबरोबर दोन इंटरफेस आणि वर एक्सएमएलची फाइल लागायची. व्याजाचं सूत्र चार ओळींचं, आणि त्याभोवतीचा मांडव चारशे ओळींचा! सूत्र बरोबर आहे का हे तपासायलाही अख्खा सर्व्हर चालू करावा लागे. तो सर्व्हर महाग, आणि त्याची नस माहीत असलेला माणूस त्याहून महाग.

ऑक्टोबर २००२ मध्ये रॉड जॉन्सन या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरचं जे-टू-ई-ईवर एक जाडजूड पुस्तक आलं. मुद्दा असा, की यातलं बरंचसं ओझं गरजेचंच नाही. साध्या जावा क्लासनं काम भागतं. पुस्तकासोबत त्यानं स्वतःचा कोडही दिला होता. वाचकांनी तो उचलला, त्यातल्या दोघांनी तो ओपन सोर्स करण्याचा आग्रह धरला आणि मार्च २००४ मध्ये ‘स्प्रिंग’ची पहिली आवृत्ती आली. जे-टू-ई-ईच्या हिवाळ्यानंतरचा वसंत, म्हणून ते नाव. त्याच सुमारास गॅव्हिन किंगचं हायबरनेट डेटाबेसची कटकट कमी करत होतं. २००६ मध्ये खुद्द अधिकृत नियमावलीच बदलली आणि तिनं हायबरनेटच्या बऱ्याच कल्पना आपल्याशा केल्या. नियम करणाऱ्यांना वापरणाऱ्यांचं ऐकावं लागलं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली. २०१३ मध्ये ग्लासफिश या जावा सर्व्हरचा व्यावसायिक सपोर्ट बंद करत असल्याचं ओरॅकलनं जाहीर केलं. २०१७ मध्ये अख्खी एंटरप्राइज जावा एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरलं. ‘जावा’ हे नाव मात्र ओरॅकलनं स्वतःकडेच ठेवलं, म्हणून नवं नाव आलं ‘जकार्ता’. आणि केवळ नावाच्या हक्कापायी २०२० मध्ये कोडमधल्या पॅकेजांच्या नावाची सुरुवात ‘जावाएक्स’ होती तिथे ‘जकार्ता’ झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं, त्यानं हे नवं नाव स्वीकारलं आणि किमान जावा १७ ची अट घातली. स्प्रिंग बूट २.७ चा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला.

दोन संस्थांमधला नावाचा प्रश्न असा सांगलीत आमच्या टेबलावर येऊन पडला. आमचा कोड जावा ८ वर होता. मोफत सुरक्षा दुरुस्त्या बंद झालेल्या सॉफ्टवेअरवर लोकांच्या ठेवी ठेवायच्या नाहीत, यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे काय करायचं, यावर नव्हतं.

मी आणि माझा सहकारी मायक्रोसर्व्हिसेसच्या बाजूचे. ठेवींची सर्व्हिस वेगळी, कर्जाची वेगळी, सगळं कुबरनेटीसवर. पुण्याच्या मुलाखतींत हेच विचारतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. आमच्या सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तू गेल्यावर हे कोण चालवणार रे?”

प्रश्न बोचरा होता, कारण खरा होता. सांगलीत वालचंद कॉलेज १९४७ पासून आहे, कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० पासून. दरवर्षी तिथून इंजिनिअर बाहेर पडतात आणि त्यातले बहुतेक पुण्या-बंगळुरूच्या गाडीत बसतात. माझ्या वर्गातले किती जण इथे उरलेत, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. मीसुद्धा किती वर्षं असेन, छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पतसंस्था मात्र इथेच राहणार आहे.

मला इथे लोखंडी नांगर आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात नांगर बनवायला घेतले, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. ही गोष्ट आपण नेहमी ‘अडाणी शेतकरी आणि द्रष्टा उद्योजक’ अशी सांगतो. मला ती तेवढीच वाटत नाही.

लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो दुरुस्त करायचा आणि सुगीला बलुतं घेऊन जायचा. आजच्या भाषेत एएमसी. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर तो मिळणार कुठे? पेरणी तोंडावर आली असताना नांगर बंद पडला तर? विषाची भीती खोटी होती, पण त्याखालची शंका रास्त होती. शेतकरी नांगर निवडत होता तेव्हा तो दुरुस्तीचा माणूसही निवडत होता. कारखाना याच मुलखात आल्यावर ते उत्तर हाताशी आलं. नंतर १९२२ मध्ये साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना सुरू झाला, तिथेही नांगर बनत.

जे-टू-ई-ईचा महागडा सर्व्हर आणि सुताराविना आलेला नांगर मला एकाच जातीचे वाटतात. स्प्रिंग जिंकलं ते वेगामुळे नाही. साधा प्रोग्रामर ते उघडून, समजून, दुरुस्त करू शकत होता म्हणून जिंकलं.

शेवटी आम्ही प्रोग्राम एकसंधच ठेवला. स्प्रिंग बूट ३, जावा १७, एकच डेटाबेस, आणि बिल्ड मेवेनवर, कारण नवीन येणाऱ्या मुलांना तेच येत असतं. मायक्रोसर्व्हिसेस वाईट नाहीत. शेकडो डेव्हलपर एकाच प्रॉडक्टवर काम करतात तिथे त्यांचा उपयोग मोठा आहे. आम्ही पाच जण आहोत, आणि एक सुट्टीवर असला की चार.

कोडसोबत आम्ही आता एक फाइल ठेवतो, मराठीत. कुठलं टूल घेतलं, का घेतलं, कुठलं नाकारलं आणि का, हे त्यात तारखेसकट लिहिलेलं असतं. त्यातली बरीचशी पानं माझ्या हातची आहेत. उद्या मी पुण्याला गेलो, तर कराडहून नव्यानं आलेल्या मुलीला ३१ मार्चच्या रात्री मला फोन लावावा लागू नये, एवढ्यासाठी.