तृण, काष्ठ, उदक : अदिन्नादानाचा विनयनियम आणि गायरानावरील खटले

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे वारकरी परंपरेतील एक मान्यवर स्थान आहे. नगद नारायण महाराजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गडास भाविक 'धाकटी पंढरी' म्हणतात. २०२४ च्या दसऱ्यास मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी येथे विराट मेळावा भरला आणि गडाचे नाव महाराष्ट्रभर झाले. गडाचा इतिहास हा मात्र आमचा विषय नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा ज्यातून गेल्या आहेत अशा या जिल्ह्यात गावोगावी जो मुरमाड, कुसळी गवताचा माळ सरकारदप्तरी 'गायरान' म्हणून नोंदला गेला आहे, त्या माळावरून उद्भवणाऱ्या फौजदारी खटल्यांकडे विनयपिटकाच्या दृष्टीने पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. गवत कापले, बाभूळ तोडली, जमीन नांगरली, पीक काढले. यांपैकी चोरी कोणती, तिला शिक्षा काय आणि आरोपीस बचाव कोणता, हे प्रश्न आमच्या भूमिहीन बांधवांना पिढ्यानपिढ्या भेडसावत आले आहेत. हेच प्रश्न एकदा मगधाच्या राजगृहातही उपस्थित झाले होते.

विनयपिटकातील दुसऱ्या पाराजिकाची निदानकथा अशी. धनिय नावाचा एक कुंभारपुत्र भिक्खू इसिगिलीच्या उतारावर गवताची कुटी बांधून राहत असे. तो भिक्षेस गेला की गवत व लाकूड गोळा करणारी माणसे ती कुटी मोडून साहित्य घेऊन जात. असे तीनदा झाले. मग त्याने मातीची कुटी करून ती भाजून लाल केली. ती तथागतांनी मोडावयास लावली. अखेर धनिय राजाच्या लाकूडवखारीवरील अधिकाऱ्याकडे गेला आणि 'राजाने हे लाकूड मला दिलेले आहे' असे सांगून, नगराच्या डागडुजीसाठी राखून ठेवलेले लाकूड तोडून गाड्यांतून घेऊन आला. महामात्य वस्सकाराच्या ध्यानात ही गोष्ट आली. वखारीचा अधिकारी बांधला गेला. आपल्यापायी त्या माणसाचा जीव जाऊ नये म्हणून धनिय त्याच्यामागोमाग बिंबिसारापुढे उभा राहिला. त्याचा बचाव मोठा लक्षणीय आहे. राज्याभिषेकाच्या वेळी श्रमण-ब्राह्मणांना तृण, काष्ठ आणि उदक दिल्याची घोषणा आपणच केली होती, असे त्याने राजास स्मरण करून दिले. राजाने घोषणा नाकारली नाही, परंतु तिचा अर्थ मर्यादित केला. जे अरण्यात आहे आणि ज्यावर कोणाचा परिग्रह नाही, त्याच तृण-काष्ठापुरती ती देणगी होती, असे त्याचे म्हणणे पडले. चीवराचा मान राखून त्याने धनियास सोडून दिले. वखारीच्या अधिकाऱ्याची काळजी आरोपीनेच प्रथम वाहिली, ही गोष्ट भाष्यकारांपेक्षा आम्हांस अधिक मोलाची वाटते.

सामुदायिक मालकीच्या गवता-लाकडावर गरिबाचा हक्क किती, आणि सरकारने एकदा दिलेल्या शब्दाचा अर्थ पुढे लावावयाचा कोणी, हे दोन्ही प्रश्न या एका कथेत आलेले आहेत.

लोकांत निंदा झाल्यावर तथागतांनी नियम केला. तत्पूर्वी त्यांनी, पूर्वाश्रमी न्यायखात्याचा महामात्य असलेल्या एका भिक्खूस विचारले की, किती किमतीच्या चोरीसाठी राजा बिंबिसार चोरास मारतो, बांधतो वा हद्दपार करतो? उत्तर आले, एक पाद. त्या काळी राजगृहात पाच मासकांचा एक पाद होत असे. म्हणून पाच मासक वा त्याहून अधिक किमतीची वस्तू चोरणारा भिक्खू संघातून कायमचा बाहेर. एकाहून अधिक पण पाचांहून कमी असल्यास थुल्लच्चय. एक मासक वा त्याहून कमी असल्यास दुक्कट. देशातील दंडनीती विचारून, तिच्या किमान मर्यादेशी संघाचा नियम जोडण्याची ही रीत इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

परंतु किमतीवर सारे अवलंबून नाही. पाराजिक होण्यास वस्तू दुसऱ्याच्या मालकीची असली पाहिजे, ती दुसऱ्याची आहे याची घेणाऱ्यास जाणीव असली पाहिजे, तिची किंमत भरली पाहिजे, चोरीचे चित्त असले पाहिजे आणि वस्तू जागेवरून हलली पाहिजे. आपलीच समजून घेतली, विश्वासाच्या नात्याने घेतली, तात्पुरती म्हणून घेतली, किंवा टाकून दिलेली समजून घेतली, तर आपत्ती नाही.

आता १८६० ची भारतीय दंडसंहिता पाहा. कलम ३७८ अन्वये चोरीस जंगम वस्तू, दुसऱ्याचा ताबा, त्याच्या संमतीचा अभाव, अप्रामाणिक हेतू आणि वस्तूचे स्थलांतर लागते. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये सिद्ध केलेल्या मसुद्यातून जन्मलेल्या या संहितेतील उदाहरणांत, सद्भावनेने आपली समजून वस्तू नेणारा चोर ठरत नाही. स्नेह्याच्या ग्रंथसंग्रहातून वाचण्यापुरते पुस्तक नेणाराही ठरत नाही. विनयातील 'सकसञ्ञी', 'विस्सासग्गाह' आणि 'तावकालिक' या तीन अपवादांची यावरून आठवण झाल्याशिवाय राहत नाही. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे आमचे म्हणणे नाही. चोरीचे मूळ चित्तात आहे, हे ज्याने नीट विचार केला त्याला दिसले, एवढेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही हीच व्याख्या आहे. शिक्षा पूर्वीप्रमाणेच तीन वर्षांपर्यंत कैद वा दंड वा दोन्ही. मात्र वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असून आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची आहे. मासकांच्या पायऱ्या, म्हणावयाचे तर, पुन्हा आल्या.

एका बाबतीत मात्र विनय आणि दंडसंहिता यांच्यात मोठे अंतर आहे, आणि आमच्या विषयाचे मर्म तेथेच आहे. दंडसंहितेप्रमाणे जमिनीची चोरी होतच नाही. जमिनीला चिकटलेले गवत, झाड वा पीकही ते तोडले जाईपर्यंत चोरीचा विषय नाही. तोडून हलविताच ते होते. याचा व्यवहारातील परिणाम असा की, गायरानातून गवताचा भारा वा जळणाची मोळी नेणाऱ्या बाईवर चोरीचे कलम लागू शकते आणि तीन वर्षांची कैद तिच्या डोक्यावर टांगती राहते. तेच गायरान दरसाल बांध सरकवून पाच-दहा एकरांनी गिळणारा मातब्बर शेतकरी कायद्याच्या भाषेत चोर नाही. लागलेच तर त्याला आगळिकीचे कलम, म्हणजे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तो दंड पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता, नव्या संहितेत पाच हजारांपर्यंत आहे. विनयपिटकात अशी पळवाट नाही. तेथे शेत, वास्तू आणि आराम यांचाही अदिन्नादानात स्पष्ट समावेश आहे. चोरीच्या चित्ताने खुंटी, दोरी, कुंपण वा मर्यादा सरकविली तर आरंभी दुक्कट, शेवटचा प्रयत्न उरला असता थुल्लच्चय आणि काम पुरे होताच पाराजिक. इतकेच काय, दुसऱ्याच्या जमिनीवर खोटा दावा लावून मालकास हताश केले आणि त्याने हक्क सोडला, तर तोही पाराजिकच. न्यायालयाच्या दारातून केलेली चोरी विनयधरांनी ओळखली होती.

दारिद्र्य आणि शिक्षा यांच्या संबंधाविषयी दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्ताचा दाखला आमच्या वाचकांस परिचित आहे. निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, शिरच्छेदाच्या शिक्षेतून शस्त्रे आणि हिंसा. कूटदन्त सुत्तात शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन देण्याचा सल्ला येतो. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेती हा राज्याचा उद्योग करावा आणि जमीनदार, कूळ व भूमिहीन मजूर हे भेदच नष्ट व्हावेत, अशी मागणी केली. पडीक लागवडयोग्य जमिनीवर अस्पृश्यांची स्वतंत्र गावे वसविण्याची योजनाही त्यात आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गावाची शीव कोठून जाते हे सांगणारा साक्षीदार महार होता, चोराचा माग काढणाराही तोच. परंतु शिवेच्या आत त्याच्या नावे जमीन अल्प. १९५९ मध्ये आणि पुढे डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचे सत्याग्रह केले. लाखो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. पडीक व गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावे करा, ही त्यांतील एक प्रमुख मागणी होती. बीड जिल्ह्यात नंतरच्या काळात दुकडेगावचे एकनाथ आवाड (निधन २०१५) यांनी मानवी हक्क अभियानाद्वारे मांग, महार, पारधी अशा सर्वांना गायरानाच्या लढ्यात एकत्र आणले. पारधी समाजाचा येथे मुद्दाम उल्लेख करावासा वाटतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने, चित्त न पाहता जन्म पाहूनच चोर ठरविण्याची रीत घालून दिली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पोलिसांच्या सवयी त्याच वर्षी रद्द झाल्या असे कोणी म्हणणार नाही.

शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. ही आमच्या काळातील तृण-काष्ठाची घोषणाच म्हणावी लागेल. पण तिचा लाभ घेण्यास त्या तारखेपूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते. तीत नाव आले तर अतिक्रमणदार दोषी, त्याला दंड. आणि हक्क मागावयाची वेळ आली की तीच नोंद आणि तीच दंडाची पावती त्याचा पुरावा. म्हणून गायरानधारक 'आमचे नाव एक-ईला लावा' असा अर्ज स्वतःहून करतात. आपल्या अपराधाची नोंद व्हावी म्हणून कचेरीचे उंबरठे झिजविणारा आरोपी जगात अन्यत्र क्वचितच आढळेल. ज्या तलाठ्याने नोंदच टाळली त्याने दया केली नाही, हक्क बुडविला.

न्यायालयांचा कल दोन्हीकडे दिसतो. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामुदायिक जमिनीवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश राज्यांना दिला. त्यानंतर महाराष्ट्रात नोटिसा निघू लागल्या. परंतु त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना शासकीय अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे, हे नोटीस देणारे सांगत नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० मध्ये अतिक्रमण काढण्याचा अधिकार आहे, तसा पुढच्याच कलम ५१ मध्ये ते नियमित करण्याचाही आहे. फौजदारी बाजूस १९७५ चा पूरन सिंग खटला ध्यानात ठेवावा. ताबा स्थिरावलेल्या अतिक्रमणदाराने पीक उभे केले असेल, तर खुद्द मालकासही ते पीक नष्ट करून बळाने ताबा घेण्याचा अधिकार नाही, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मग उभ्या ज्वारीत रात्री गुरे घालणाऱ्या गावकऱ्यास तो कोठून असणार? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीक नष्ट करणे वा उत्पन्न पळविणे यांचा स्पष्ट उल्लेख आला आहे. अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातींचा दर्जा असल्यामुळे हे संरक्षण त्यांनाही आहे.

या जिल्ह्यापुरती एक अडचण वेगळी आहे. बीडची असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्यात परततात. खरिपाचे पीक काढून माळ मोकळा ठेवून गेलेल्या माणसाचा ताबा त्या पाच-सहा महिन्यांत कोण पाहणार? पंचनामा नेमका तेव्हाच होतो, आणि त्यात 'जमीन पडीक, कोणाचाही ताबा आढळला नाही' असे लिहिले जाते. विनयातील 'टाकून दिलेले' आणि 'मालक दूर गेलेला' यांतील भेद तेथे पुसला जातो. म्हणून गाव सोडण्यापूर्वी पीकपाहणीची मागणी लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी, दंडाच्या पावत्यांच्या प्रती गावात राहणाऱ्या विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात, आणि शेजारच्या दोन कसणाऱ्यांची नावे त्या अर्जात घालावीत.